ओली पिशवी

ओढ्यापलीकडं वित्रे, अलीकडं आम्ही.
राजा एकच, बोली एकच,
लग्नात पाय पडतात तेही एकाच ठेक्यावर.
मीठ तेवढं दोन.
तिकडं पोतं उघडंच असतं दाराशी,
कोंबडी चोच घालते नि मान झटकून निघून जाते.
इकडं तेच मीठ तीसपट,
लावालच्या कोठारातून, कुलपातून, शिक्क्याखालून.

नको म्हणायची सोय नाही.
आठ वर्षांवरच्या दर तोंडामागं सात पौंड,
उचललंच पाहिजे. वहीत नाव.
उचललेलं घालायचं कशात, तेही वहीत:
हांडीत चालेल, ताटात चालेल,
डुकराच्या मांसाला चोळलंत तर कागद वेगळा, पैसे वेगळे.
आमची रनोत सां-मार्तँच्या सणाला आठची झाली.
गोडधोड काही झालं नाही,
सात पौंड मीठ चढलं पोरीच्या नावावर.

म्हणून ब्रिफो.

तुगालनं कुठूनसा शिपायाचा जुना कोट पैदा केला.
बटणं मी लावली.
कोट घालून तो अंगणात यायचा, हातात छडी,
आणि कुत्रं परक्याचं असल्यासारखा मारायचा.
मग गोठ्याआड जाऊन कोट उतरवायचा
आणि हाड घेऊन परतायचा, तुगाल होऊन.
कुत्र्याला दोन माणसं कळली.
मला एकच दिसायचा,
रात्री दोन्ही हात पोटाशी आवळून
भिंतीकडं तोंड करून झोपलेला.

शिकला ब्रिफो.
पलीकडं नेऊन दोन दिवस उपाशी बांधायचा,
पोटाला पिशवी कसायची, दोर सोडायचा.
भूक त्याला घरी आणायची.
सगळा रस्ता तिला पाठ.

त्या रात्री धुकं होतं. पुलाजवळ शिपाई बसले होते.
वाऱ्यावर कोटाचा वास आला असणार,
कारण ब्रिफो पुलावरून आलाच नाही.
उजाडताना दारात उभा, निथळत,
पिशवी पोटाला चिकटलेली, चपटी.
नऊ पौंड मीठ ओढ्यानं नेलं.
ओढ्याला कोण विचारणार, तू कुठल्या प्रांतातला?

मी पिशवी हांडीवर पिळली.
कोबी होता, चार सलगम होते.
पुन्हा पिळली. नखांच्या कडा चुरचुरेपर्यंत पिळली.
मग वाळत टाकली धाकट्याच्या दुपट्यांच्या रांगेत.

हांडी उतरवायच्या आत तो आला.
पोरगाच होता, ओठ फुटलेले थंडीनं.
गादीत काठी खुपसली, पिठात काठी खुपसली,
माझ्या घागऱ्याचा घेरही काठीनंच उचलून पाहिला.
वही उघडून म्हणाला,
ईस्टरपासून या घरानं मीठ उचललेलं नाही.
आणि पळी बुडवून चाखलं.

चुलीचा जाळ तेवढा ऐकू येत होता.

मग त्यानं कोट काढला. ओला होता.
चुलीशी पसरला, बसला, वाडगा पुढं केला.
मी वाढलं. दुसरं काय करणार?
आणि खाटेखाली थरथरणारा ब्रिफो
सरपटत बाहेर आला, त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसला.
कोट उतरवलेल्या माणसाकडं हाड असतं,
हेच तर शिकवलं होतं आम्ही.
शिपायानं भाकरीचा तुकडा मोडून त्याला दिला.
तुगाल दाराला पाठ लावून उभा,
हात पोटाशी.

खाल्ल्या मिठाला माणसानं जागावं म्हणतात.
पण हे कुणाचं? राजाचं नाही,
धड वित्रेचंही उरलं नव्हतं.

वाडगा पुसून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.
आमच्यात वाचता कुणालाच येत नाही.
कोट चढवला. ब्रिफो जागीच मुतला.

तो गेल्यावर उरलेल्यात मी पाणी घातलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं.
तिसऱ्या दिवशी रनोत म्हणाली, अळणी लागतंय.